एससीसीएमची टास्क सिक्वेन्स ड्रायव्हर पॅकेजवर अडकली तर काय तपासायचं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून जिथे बघावं तिथे नवीन लॅपटॉपचे लॉट उतरतायत, एकाच ऑफिसात डेल पण आहे, एचपी पण आहे, लेनोवो पण आहे, आणि इमेजिंगच्या, म्हणजे एससीसीएम (मायक्रोसॉफ्ट कॉन्फिगरेशन मॅनेजर) मधून ठरलेल्या स्टेप्सची टास्क सिक्वेन्स चालवून विंडोज बसवायच्या टेबलावरून दिवसातून दहादा तीच हाक येते, ड्रायव्हर पॅकेज, म्हणजे त्या मॉडेलच्या ड्रायव्हरचा गठ्ठा, फेल झालं. मग बहुतेक जण काय करतात, तर पॅक परत डाउनलोड, परत इम्पोर्ट, परत डिस्ट्रिब्यूट, परत पीएक्सई बूट, म्हणजे नेटवर्कवरून बूट. अर्धा दिवस गेला आणि एरर तिथल्या तिथेच, कारण नुसत्या कोडवरून पॅकमध्येच दोष आहे असं ठरवून टाकलेलं असतं. स्क्रीनवरचा कोड फक्त कुठेतरी अडलं एवढंच सांगतो. कुठे अडलं ते लॉगमध्ये असतं, आणि ड्रायव्हरशी संबंधित अडायच्या जागा मोजून पाच आहेत: पीईमध्ये (विंडोज बसवण्यापुरत्या चढणाऱ्या छोट्या विंडोजमध्ये) नेटवर्क नाही, पीईला डिस्क दिसत नाही, पॅकेज डीपीवरून (पॅकेजेस ठेवणाऱ्या डिस्ट्रिब्यूशन पॉइंट सर्व्हरवरून) खाली येत नाही, आलं पण डिझम (विंडोजमध्ये ड्रायव्हर घालायचं टूल) ते घालत नाही, आणि घातलं तरी विंडोज ते उचलत नाही. आधी जागा ओळखा, मग हात लावा.

दोन गोष्टी मात्र आधीच करून ठेवा, नाहीतर पुढचं सगळं वाया. एक म्हणजे टेस्टिंगच्या बूट इमेजच्या (ज्या फाइलीतून पीई चढतो तिच्या) प्रॉपर्टीजमध्ये कस्टमायझेशन टॅबवर जाऊन कमांड सपोर्ट चालू करा, म्हणजे एफ८ दाबल्यावर काळी विंडो उघडते. दुसरी म्हणजे एररच्या खिडकीचा टाइमआउट वाढवा. ती खिडकी बाय डिफॉल्ट १५ मिनिटं थांबते आणि मग मशीन स्वतःच रीबूट होतं, तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत एक्स ड्राइव्ह, जो रॅममध्येच असतो, साफ, आणि त्याच्यासोबत लॉगही साफ. एसएमएसटीएस-एरर-डायलॉग-टाइमआउट नावाचा व्हेरिएबल आहे, त्याला सेकंदात आकडा द्यायचा, मी सरळ ८६४०० टाकतो म्हणजे अख्खा एक दिवस. आणि एफ८ ची विंडो उघडी असेपर्यंत मशीन रीबूट होत नाही हे पण लक्षात असू द्या, अडचणीत फार कामाला येतं.

आता लॉग. फाइल एकच, एसएमएसटीएस डॉट लॉग, पण ती जागा बदलत राहते आणि नवीन पोरं इथेच गोंधळतात. डिस्क फॉरमॅट व्हायच्या आधी ती एक्स ड्राइव्हवर विंडोज, टेम्प, एसएमएसटीएसलॉग या फोल्डरात असते. फॉरमॅट झालं की सी ड्राइव्हवर अंडरस्कोरने सुरू होणारा एसएमएसटास्कसिक्वेन्स नावाचा फोल्डर बनतो, त्यातल्या लॉग्जमध्ये बघायची. कॉन्फिगमॅनेजर क्लायंट बसला की सी, विंडोज, सीसीएम, लॉग्ज, आणि त्यात आत एसएमएसटीएसलॉग. सगळं संपल्यावर त्याच सीसीएमच्या लॉग्जमध्ये बाहेर. वाचायला सीएमट्रेस वापरा, ते बूट इमेजमध्येच असतं, एफ८ मधून नाव टाइप केलं की उघडतं. नोटपॅडमध्ये पण उघडेल पण डोळे फुटतील, सीएमट्रेस निदान एरर लाल करून दाखवतं. फक्त लाल दिसलं की लगेच झडप घालू नका, टास्क सिक्वेन्सच्या लॉगमध्ये निरुपद्रवी लाल ओळी पण भरपूर असतात. शेवटून वर जात जायचं आणि ज्या ओळीनंतर सगळंच गडगडलं तिच्या अगोदरच्या पाचदहा ओळी नीट वाचायच्या.

कोड लिहिताना सुरुवातीचा झिरो-एक्स मी सोडतोय, तुम्ही धरून चला.

पहिली जागा, नेटवर्क. पीई चढला, बॅकग्राउंड आलं, नेटवर्क तयार करतोय असं म्हणाला आणि टास्क सिक्वेन्सची यादी न दाखवताच रीबूट मारलं, तर ड्रायव्हर पॅकेजचा प्रश्नच नाही, अजून तिथपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. एफ८ दाबा, आयपीकॉन्फिग मारा. काहीच अडॅप्टर दिसत नसेल तर बूट इमेजमध्ये त्या नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर नाही. अडॅप्टर आहे पण पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय, तर कार्ड चालतंय आणि डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून) पत्ता मिळत नाहीये, नेटवर्कवाल्यांना फोन करा, ड्रायव्हर शोधू नका. पत्ता बरोबर आणि तरी ८००७२ईई७ येत असेल तर नाव रिझॉल्व्ह होत नाही, डीएनएस बघा. हल्ली पातळ लॅपटॉपना लॅनचं पोर्टच नसतं म्हणून यूएसबी डोंगल लावून इमेजिंग चालतं, आणि तो डोंगल बाजारातून कोणीतरी वेगळ्याच चिपचा आणलेला असतो, मग लॅपटॉपच्या पॅकमध्ये त्याचा ड्रायव्हर कुठून असणार. शक्यतो लॅपटॉपच्याच कंपनीचा डोंगल ठेवा आणि त्याचा ड्रायव्हर बूट इमेजमध्ये घाला.

घालायच्या आधी तपासायची सोपी युक्ती आहे. ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उघडून ठेवा, एफ८ च्या विंडोतून ड्रव्हलोड ही कमांड त्याच्या आयएनएफ फाइलचा (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणारी फाइल) रस्ता देऊन मारा आणि परत आयपीकॉन्फिग. पत्ता आला म्हणजे हाच ड्रायव्हर हवा, मग तो बूट इमेजमध्ये टाका आणि डीपी अपडेट करा. दर वेळी अख्खी बूट इमेज नव्याने बनवून ट्राय करत बसण्यापेक्षा हे बरं. बूट इमेजमध्ये मात्र फक्त नेटवर्क आणि स्टोरेज, बाकी काही नाही. ग्राफिक्स, ऑडिओ, ब्लूटूथ कोंबलेल्या बूट इमेज मी बघितल्यात, पीएक्सईवरून उतरायला एवढा वेळ की माणूस कंटाळून मशीन बंद करतो. कंपन्या विंडोज पीईसाठी वेगळा छोटा पॅक देतात तो घ्या. आणि पेनड्राइव्हचं बूट मीडिया वापरत असाल तर ते परत बनवावं लागतं, डीपी अपडेट केल्याने तुमच्या खिशातला पेनड्राइव्ह अपडेट होत नाही. हसू नका, हे दर महिन्याला कोणाचं तरी होतंच.

दुसरी जागा डिस्क. इंटेलच्या ११ व्या जनरेशनपासून बऱ्याच लॅपटॉपवर बायोसमध्ये व्हीएमडी चालूच येतं, म्हणजे एनव्हीएमई डिस्क थेट न दिसता इंटेलच्या कंट्रोलरमागे लपते. पीईमध्ये त्याचा ड्रायव्हर नसेल तर फॉरमॅटच्या स्टेपलाच सगळं कोसळतं. एफ८, डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क. फक्त तुमचा पेनड्राइव्ह दिसला किंवा काहीच दिसलं नाही तर हाच प्रकार. इंटेल रॅपिड स्टोरेजचा जो ड्रायव्हर लागतो त्याची आयएनएफ आयएस्टोर-व्हीडी नावाची असते, ती बूट इमेजमध्ये हवी.

पण खरी गंमत पुढे आहे. बूट इमेजमधला ड्रायव्हर नवीन विंडोजमध्ये आपोआप जात नाही. तो फक्त पीईपुरता. त्यामुळे तोच स्टोरेज ड्रायव्हर त्या मॉडेलच्या ड्रायव्हर पॅकेजमध्येही पाहिजे, नाहीतर इमेज छान उतरते, ड्रायव्हरची स्टेपही हिरवी होते आणि पहिल्या रीबूटला निळा स्क्रीन, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस, स्टॉप कोड ७बी. लोक मग इमेज करप्ट झाली म्हणून विमवर, म्हणजे विंडोजच्या इमेज फाइलवर, संशय घेतात. बायोसमधून व्हीएमडी बंद करून एएचसीआय केलं तरी चालतं, काही जण तेच करतात, पण मग ते इमेजिंगच्या आधी आणि सगळ्या मशीनवर सारखंच करा, विंडोज बसल्यावर कोणी सेटिंग उलटं फिरवलं तर चालू मशीन उठायचं नाही. माझं मत, ड्रायव्हर घालून मोकळं व्हा, बायोसच्या मागे फिरू नका.

तिसरी जागा सगळ्यात जास्त वेळ खाते, कंटेंट खाली येणं. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. टास्क सिक्वेन्स निवडून नेक्स्ट दाबलं की ती सुरू व्हायच्या आधी सिक्वेन्समधल्या सगळ्या चालू स्टेप्सची पॅकेजेस या मशीनला कुठल्या डीपीवर मिळतात ते शोधते. सगळ्या म्हणजे सगळ्या, तुम्ही बसवताय डेलचा लॅटिट्यूड आणि सिक्वेन्समध्ये एचपीच्या एलिटबुकचं पॅकेज आहे, तरी एलिटबुकचंही शोधणार. ते एक पॅकेज जरी त्या डीपीवर नसलं तर ८००४०१०४ देऊन सगळंच थांबतं. त्यामुळे पुण्याच्या हेड ऑफिसात नवीन मॉडेलचं पॅकेज जोडलं, तिथे टेस्ट झालं, पास झालं, आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या ब्रँचमध्ये जुन्या मॉडेलची इमेजिंगसुद्धा बंद पडली, कारण कोल्हापूरच्या डीपीवर ते नवीन पॅकेज अजून पोचलेलंच नाही. एररमध्ये पॅकेज आयडी लिहून येतो, तीन अक्षरं साइट कोडची आणि पुढे पाच, तो आयडी कन्सोलमध्ये शोधा आणि कंटेंट स्टेटस बघा. ज्याला नवीन पॅकेज जोडायचंय त्याने आधी ते सगळ्या डीपी ग्रुपला हिरवं होऊ द्यावं आणि मगच सिक्वेन्समध्ये हात घालावा, हा नियम आमच्याकडे भिंतीवर चिकटवलाय.

सिक्वेन्स सुरू झाली आणि मध्येच ड्रायव्हरच्या स्टेपला ८००७०००२ आला, म्हणजे फाइल सापडली नाही. बाउंडरी ग्रुप (कुठल्या सबनेटला कुठला डीपी ते ठरवणारी यादी) आधी बघा, नवीन मजल्याचा सबनेट कोणी जोडलाच नसेल तर मशीनला डीपी कुठला ते कळतच नाही. मग नेटवर्क अॅक्सेस अकाउंट, ज्याच्या हक्काने पीई डीपीवरून फाइली उतरवतो, त्याचा पासवर्ड एक्सपायर झालाय का, अकाउंट लॉक आहे का. एन्हान्स्ड एचटीटीपी चालू असेल तर या अकाउंटची गरज बरीच कमी होते, जुन्या साइटवर असाल तर त्याचा विचार करा. ८००९१००७ म्हणजे हॅश जुळत नाही, डीपीवरची फाइल आणि साइट सर्व्हरकडची नोंद वेगवेगळी, बहुतेक कोणीतरी सोर्स फोल्डरमध्ये हात घातलाय नाहीतर कॉपी अर्धवट झालीये, पॅकेज अपडेट करा किंवा त्या डीपीवरून काढून परत पाठवा. पाठवताना अडत असेल तर साइट सर्व्हरवर डिस्टमॅनेजरचा लॉग वाचा, बऱ्याचदा सोर्स शेअरवर साइट सर्व्हरच्या कम्प्युटर अकाउंटला रीड परमिशनच नसते, तुम्हाला स्वतःला फोल्डर उघडतो म्हणून वाटतं सगळं ठीक आहे.

आणि ८००७२एफ८एफ आला तर पॅकेजला हातही लावू नका, मशीनचं घड्याळ बघा. एचटीटीपीएसवर असाल आणि कपाटात पडून राहिलेल्या लॅपटॉपची तारीख चुकलेली असेल तर सर्टिफिकेट चालत नाही. एफ८ मध्ये डेट आणि टाइम कमांडने दुरुस्त करा, पुढे जा.

आता चौथी जागा, खरीखुरी ड्रायव्हरची. पॅकेज खाली आलं, पण घालताना फेल. लॉगमध्ये कॉम्पोनंटचा कॉलम बघा, ओएसडी-ड्रायव्हर-क्लायंट असं नाव दिसेल. हा आधी कंटेंट उतरवतो आणि मग डिझम चालवतो. त्यामुळे ८००७०००२ इथेही येऊ शकतो आणि तो वरच्यापेक्षा वेगळा. डिझमच्या ओळीच्या आधी आला तर डीपीचा प्रश्न, डिझमच्या ओळीनंतर आला तर पॅकमधली फाइल गायब. कोड एकच, दोन वेगळ्या दुखण्यांचा. मग इंटरनेटवर नुसता कोड टाकला की दहा जणांचे दहा उपाय सापडणारच.

डिझमवाली ओळ एकदा नीट बघून घ्या. त्यात सी ड्राइव्हवरच्या त्याच टास्क सिक्वेन्सच्या फोल्डरात पीकेजीएमजीआर-टेम्प म्हणून फोल्डर दिसतो, त्यात ड्रायव्हर्स डॉट एक्सएमएल असते आणि डिझमचा स्वतःचा लॉगही तिथेच. एसएमएसटीएसच्या लॉगमध्ये फक्त डिझम अमुक रिटर्न कोडने फेल झालं एवढंच येतं, कधी तर उणे चिन्ह लावलेला दहा आकडी नंबर, उणे २१४७४६७२५९ म्हणजे आपला ८०००४००५, ज्यातून काहीच कळत नाही. नेमकी कुठली आयएनएफ नडली ते डिझमच्या लॉगमध्येच मिळणार. शेवटून एरर शब्द शोधत वर जा, आयएनएफचं नाव सापडेल. मग तो फोल्डर उघडा. आयएनएफ आहे, पण तिच्या शेजारी कॅट फाइल (ड्रायव्हरची डिजिटल सही) आहे का? सिस फाइल (खुद्द ड्रायव्हर) आहे का? बहुतेक वेळा उत्तर इथेच मिळतं: कोणीतरी पॅक हलका करायला फोल्डर साफ केले आणि त्यात कॅट फाइल उडाल्या, किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा रस्ता एवढा लांब झाला की २६० अक्षरांची मर्यादा ओलांडली आणि फाइल कॉपीच झाली नाही. रस्ता लांब असेल तर ८००७०००३ येतो, सोर्सच्या फोल्डरांची नावं छोटी ठेवा, कंपनीचं पूर्ण नाव, मॉडेलचं पूर्ण नाव, व्हर्जन, तारीख, सगळं एकात एक कोंबू नका.

त्याच आयएनएफची एकटीची परीक्षा घ्या. एफ८ मधून डिझम, इमेज म्हणून सी ड्राइव्ह, अॅड-ड्रायव्हर, आणि ड्रायव्हर म्हणून फक्त त्या आयएनएफचा रस्ता. एकटी पण फेल झाली तर दोषी सापडली, ती बाहेर काढून बाकीचं पॅकेज जाऊ द्या, लॉट अडवून ठेवू नका. एकटी पास झाली तर जागा बघा, ८००७००७० म्हणजे डिस्क भरली, आणि पार्टिशनच्या स्टेपमध्ये कोणी आकडा चुकीचा टाकलाय का ते तपासा.

अजून एक, डिझमला फक्त आयएनएफ कळते. डाउनलोड केलेली एक्सई जशीच्या तशी सोर्समध्ये टाकली तर त्याला आत काय आहे ते दिसत नाही, आधी उघडून फोल्डर काढावे लागतात. आणि काही गोष्टी डिझमने होतच नाहीत, हॉटकीचं सॉफ्टवेअर, काही फिंगरप्रिंट आणि ऑडिओची कंट्रोल अॅप्स, ती विंडोज चढल्यावर अॅप्लिकेशन म्हणून सायलेंट इन्स्टॉल करा, ड्रायव्हर पॅकेजमध्ये शोधून सापडणार नाहीत.

याच टप्प्यावरचा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण एररच येत नाही. डब्ल्यूएमआयची, म्हणजे मशीनचं मॉडेल ओळखायची, अट जुळली नाही, स्टेप स्किप झाली, सिक्वेन्स यशस्वी म्हणून संपली आणि युजर दुसऱ्या दिवशी वायफाय नाही म्हणून खाली आला. लेनोवोवर हे हमखास होतं, कारण विन३२-कम्प्युटरसिस्टम या क्लासच्या मॉडेलमध्ये थिंकपॅड असं नाव न येता मशीन टाइपचा कोड येतो. ओळखीचं नाव हवं असेल तर विन३२-कम्प्युटरसिस्टमप्रॉडक्टचं व्हर्जन बघा. डेलला सिस्टम एसकेयू नंबर आणि एचपीला बेसबोर्डचा प्रॉडक्ट कोड वापरलात तर मॉडेलच्या नावातल्या एका स्पेसमुळे रडायची वेळ येत नाही. आणि अटीत लाइक वापरताना टक्क्याची चिन्हं दोन्हीकडे लावली की एचपी एलिटबुकचं ८४० लिहिल्यावर ८४० च्या सगळ्या पिढ्या जुळतात, मग जी७ चं पॅक जी८ वर बसतं. स्किप पकडायचं असेल तर प्रत्येक मॉडेलची स्टेप स्वतःच्या छोट्या ग्रुपमध्ये ठेवा, अट ग्रुपला लावा, आणि ग्रुपच्या शेवटी एक व्हेरिएबल हो म्हणून सेट करा. सगळ्या ग्रुप्सच्या खाली एक स्टेप अशी की तो व्हेरिएबल नसेल तर मुद्दाम एक्झिट १ देऊन सिक्वेन्स पाडायची. टेबलावर पडलेली बरी, युजरच्या हातात पडण्यापेक्षा.

आता माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या. ड्रायव्हर इम्पोर्ट करून ड्रायव्हर पॅकेज बनवायचा जुना रस्ता सोडून द्या. प्रत्येक आयएनएफ डेटाबेसमध्ये जाते, तोच ड्रायव्हर दुसऱ्या पॅकमध्ये आला की डुप्लिकेट म्हणून कटकट, दोन वर्षांनी यादी एवढी फुगते की काय डिलीट करावं ते कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी उघडलेला पॅक साध्या पॅकेजमध्ये ठेवा, प्रोग्रामची गरज नाही. सिक्वेन्समध्ये डाउनलोड पॅकेज कंटेंटची स्टेप, त्यात रस्ता व्हेरिएबलमध्ये साठवा, ड्रायव्हर्स नाव दिलं तर पुढे तो ड्रायव्हर्स०१ म्हणून मिळतो, आणि मग रन कमांड लाइनमध्ये डिझम अॅड-ड्रायव्हर, रिकर्ससकट, म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांसकट. जागा बरोबर पाहिजे, अप्लाय ऑपरेटिंग सिस्टमच्या नंतर आणि सेटअप विंडोज अँड कॉन्फिगमॅनेजरच्या आधी. छोट्या छोट्या हजारो फाइली उतरायला वेळ लागतो, म्हणून काही जण अख्खा पॅक एका विम फाइलमध्ये भरतात, पीईमध्ये माउंट करून तिथूनच घालतात, मोठ्या लॉटला फरक जाणवतो. रिकर्समध्ये एक तोटा आहे, एखादी आयएनएफ रुसली की डिझम शेवटी एरर कोड देतं जरी बाकी सगळ्या बसल्या असल्या तरी, म्हणून त्या स्टेपला कंटिन्यू ऑन एरर लावायचा मोह होतो. लावलात तर डिझमचा लॉग शेअरवर कॉपी करायची स्टेपही लावा, नाहीतर परत तीच युजरच्या हातात पडणारी गोष्ट.

पाचवी जागा, विंडोज चढलं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, प्रॉपर्टीजमधून हार्डवेअर आयडी घ्या, व्हेंडर आणि डिव्हाइसचे चार-चार अक्षरी कोड पॅकच्या आयएनएफ फाइलींत शोधा. सापडला नाही तर पॅक जुना आहे, त्याच मॉडेलमध्ये कंपनीने मध्येच वायफाय कार्ड बदललेलं असतं. सापडला तरी बसला नाही तर विंडोज, आयएनएफ फोल्डरातला सेटअपएपीआय डॉट डेव्ह डॉट लॉग उघडा, तिथे तो आयडी शोधला की कुठला ड्रायव्हर निवडला आणि का ते ओळीओळीने लिहिलेलं असतं. कोड ५२ म्हणजे सही पटली नाही, परत कॅट फाइल. कोड १० ला पॅकपेक्षा बायोस अपडेट आधी करून बघा.

आणि कंपनीच्या साइटवरचं काहीच लागत नसेल पण त्याच मॉडेलचं एक मशीन नीट चालू असेल, तर त्यावर पीएनपीयूटिल एक्सपोर्ट-ड्रायव्हर, पुढे चांदणी (*) आणि पुढे फोल्डरचा रस्ता. त्या मशीनवरचे सगळे थर्ड पार्टी ड्रायव्हर आयएनएफसकट बाहेर येतात, तोच फोल्डर तुमचं पॅकेज. प्रिंटरबिंटरचे ड्रायव्हर पण येतात त्यात, ते तेवढे काढून टाका.

सगळं चालायला लागलं की प्रॉडक्शनच्या बूट इमेजमधला कमांड सपोर्ट बंद करायला विसरू नका. एफ८ ची ती विंडो सिस्टम अकाउंटच्या हक्काने उघडते, इमेजिंग रूमच्या बाहेर कॉरिडॉरमध्ये लॅपटॉप लावून बसणाऱ्या कोणालाही ती मिळायचं काही कारण नाही.